सगळेच बॅराक्लफ

हॅगरॉईड गावात आडनाव कशाला लागतं असं कुणाला विचारलं, तर लोक सांगायचे, सैन्यात जायला, तुरुंगात जायला आणि थडग्यावर कोरायला. बाकी काही उपयोग नव्हता. यॉर्कशरच्या त्या गिरणीच्या गावात निम्मी घरं बॅराक्लफांची होती आणि उरलेल्या निम्म्यांत बॅराक्लफांच्या लेकी दिलेल्या होत्या. पोस्टमनही बॅराक्लफच. नुसतं आडनाव लिहिलेलं पत्र आलं की तो ते पहिल्या उघड्या दारात टाकायचा आणि मोकळा व्हायचा. मग ते पत्र घरोघर फिरत चार दिवसांनी योग्य माणसाला मिळायचं, आणि तोवर त्यातला मजकूर गावभर झालेला असायचा.

त्यामुळे माणूस ओळखायचा तो कुणाचा कोण यावरून. जॉसचा मुलगा विल्फ, म्हणून जॉसचा विल्फ. त्याची बायको एडा, ती जॉसच्या विल्फची एडा. क्लेमची सेलिना म्हणजे मागावर काम करणारी एकोणीस वर्षांची नटवी पोर, आणि बेनची सेलिना म्हणजे आपली सेलिना. ही त्रेचाळीस वर्षांची, गिरणीत रफूच्या खात्यात. विणून आलेलं लोकरी कापड उजेडात पसरायचं, गाठी चिमट्याने उपटायच्या, सुटलेला धागा सुईने असा भरायचा की विणणाऱ्यालाही सापडू नये. नजर तीक्ष्ण, बोटं चलाख आणि जीभ बोटांहून चलाख.

या सेलिनाचं लग्न ठरलं होतं. ठरून अकरा वर्षं झाली होती. नवरा सॅलचा विल्फ. गिरणीत माग दुरुस्त करणारा मिस्त्री, सेहेचाळीस वर्षांचा, लोण्याहून मऊ. आणि लग्न अडलं होतं ते सॅलमुळे.

सॅल ही विल्फची आई. तिचं लग्न कधी झालं नव्हतं आणि विल्फचा बाप कोण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मागावर उभं राहून तिने पोराला वाढवलं आणि मग ते पोर कुणाला द्यायला ती तयार होईना. दर रविवारी सेलिना तिच्याकडे चहाला जायची. दहा वर्षांत सॅलने तिला एकदाही नावाने हाक मारली नाही. "बेनची पोरगी आली बघ," एवढंच ती विल्फला सांगायची, जणू ही दारावर आलेली गवळण. शेवटच्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. तिला उचलणं, पुसणं, भरवणं सगळं सेलिनाने केलं. एकदा सेलिनाने दुपारभर खपून मटणाचं सूप केलं, तर म्हातारी दोन चमचे घेऊन म्हणाली, "मीठ जास्त झालंय." आणि त्यानंतर दोन दिवसांनी मेली.

वर्ष पाळून झाल्यावर सेलिना लग्नाच्या तयारीला लागली आणि मग एका रात्री तिच्या लक्षात आलं, की लग्नानंतर आपलं आडनाव काही बदलायचं नाही. आपण बॅराक्लफ, तोही बॅराक्लफ. बदलणार ते फक्त गावातलं नाव. आजवर बेनची सेलिना होतो, आता आपण सॅलच्या विल्फची सेलिना होणार. मरेपर्यंत. दुकानात, गिरणीत, विहिरीपाशी, जो तो हाक मारणार आणि हाकेत आधी सॅल येणार, मग विल्फ, आणि शेवटी जागा उरलीच तर आपण.

"ती मेली ना?" सेलिना आरशातल्या स्वतःलाच म्हणाली. "मग माझ्या नावावर कशाला बसून राहणार आहे?"

तिच्या मनात एकच होतं. आपल्याला मिसेस बॅराक्लफ म्हणावं. डॉक्टरच्या बायकोला मिसेस म्हणतात, गिरणीच्या मॅनेजरच्या बायकोला म्हणतात, मग अकरा वर्षं थांबलेल्या बाईने काय पाप केलं? गावाकडून ही अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता, पण सुरुवात तरी चर्चमधून व्हावी. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा म्हणतात. तिथे तरी नुसती दोन नावं पुकारली जावीत. स्वच्छ, आडनावासकट. सॅलशिवाय.

नवे पाद्री मिस्टर पेलम दक्षिणेकडून आलेले होते, तरुण, गोरेपान, कायम सर्दी झालेले. त्यांना ही मागणी फार साधी वाटली.

"अहो, नावं तशीच तर वाचतात, मिस बॅराक्लाऊ," ते म्हणाले.

"बॅराक्लफ," सेलिना म्हणाली.

"हो, हो, तेच. बॅराक्लाऊ."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला आडनावाने बोलावत होतं, आणि तेही धड नाही. सेलिनाने दात आवळले आणि आभार मानले.

आपल्या लग्नाची पुकार आपण ऐकायची नसते, अशी तिकडे रीत आहे. ऐकली तर होणारी मुलं मुकी-बहिरी निपजतात म्हणे. म्हणून पहिल्या रविवारी सेलिना घरीच थांबली. तिने पुडिंगचं पीठ भिजवलं, बटाटे सोलले, नि चर्चची घंटा थांबल्यावर कान दाराकडे लावून बसली. आता शेजारपाजारच्या बाया येतील, गळ्यात पडतील, शेवटी जमलं गं बाई म्हणतील.

आली ती एकटी एडा. रविवारची हॅट तिरकी झालेली, चेहरा लालबुंद.

"सेलिना, मला माफ कर गं," एडा दारातूनच म्हणाली आणि खुर्चीत कोसळली. "मी हरकत घेतली."

"कशाला हरकत घेतलीस?"

"तुझ्या लग्नाला! म्हणजे तुझ्या नाही गं. तो पाद्री उभा राहिला आणि म्हणाला, विल्फ्रेड बॅराक्लाऊ, अविवाहित, आणि सेलिना बॅराक्लाऊ, कुमारिका. माझं डोकंच फिरलं! आमचे हे महिनाभर त्या क्लेमच्या सेलिनाच्या मागापाशी घुटमळतायत. माग दुरुस्त करतो म्हणे. एक माग महिनाभर बिघडतो का गं? मी उठले आणि ओरडले, 'अविवाहित? एकोणीस वर्षं माझ्या हातचं गिळतोय आणि अविवाहित?'"

"अगं देवा!"

"मग काय विचारतेस! क्लेमची सेलिना रडायला लागली, तिची आई माझ्या अंगावर धावून आली, पाद्रीने पुस्तक मिटलं. हे घरी पाठ धरून निजले होते, त्यांना मी छत्रीने उठवलं. मारल्यावर कळलं की तो विल्फ हा नव्हेच."

सेलिना पिठाच्या हातांनी उभी होती. "एडा, विल्फ दोन आहेत, सेलिना दोन आहेत. निम्मी तरी मी आठवायला हवी होते तुला. अकरा वर्षं आमचं ठरलंय."

एडाने रुमाल काढला, नाक पुसलं आणि अगदी मनापासून, अगदी प्रेमाने म्हणाली, "खरं सांगू? तुम्ही दोघं माझ्या डोक्यातसुद्धा आला नाहीत. कुणाच्याच नाही आलात गं. आम्हाला वाटायचं तुम्ही ते सोडून दिलंत."

एडा गेल्यावर सेलिनाने पुडिंगचं पीठ मोरीत ओतलं. तिला राग एडाचा आला नव्हता. गावभर तिचं नाव पुकारलं गेलं होतं आणि ते ऐकून एकाही माणसाला ती आठवली नव्हती. याचा राग कुणावर काढायचा हे तिला कळेना, म्हणून तिने बटाट्याची सालं ओंजळीने परसात भिरकावली.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुटल्यावर ती पाद्रीसाहेबांकडे गेली. तिथे चर्चचा म्हातारा राखणदार ईनॉक आधीच बसलेला होता. त्याने पाद्रीसाहेबांना तोड सुचवली होती.

"सोपं आहे," ईनॉक म्हणाला. "सॅलचा विल्फ आणि बेनची सेलिना असं वाचायचं. जुने पाद्री तसंच वाचायचे. एवढ्या वर्षांत कुणी छत्री उचलली नाही."

"नाही वाचायचं!" सेलिना म्हणाली.

पाद्रीसाहेब तिच्या बाजूचे होते, पण बाजू घेऊन करायचं काय हे त्यांना सुचत नव्हतं. "धंदा सांगूया का? माग दुरुस्त करणारे विल्फ्रेड—"

"जॉसचा विल्फही तेच करतो," ईनॉक म्हणाला.

"मग पत्ता? बँक लेन, घर क्रमांक—"

"दोघंही बँक लेनमध्येच. आणि घराला क्रमांक असतो हे तुम्हाला आणि पोस्टाला माहीत. पोस्टमनला नाही."

"मग वडिलांचं नाव..." पाद्रीसाहेब बोलून गेले आणि ईनॉकने डोळे मोठे केल्यावर कानापर्यंत लाल झाले. सर्दीचा रुमाल काढून ते बराच वेळ नाक शिंकरत राहिले. मग विषय बदलायचा म्हणून म्हणाले, "फार सुंदर नाव आहे हो तुमचं. मी मुद्दाम शोधून काढलं. मूळचं हे एका जागेचं नाव. झाडी असलेली घळ, असा अर्थ. त्या घळीपाशी राहणारे ते सगळे बॅराक्लाऊ."

"बॅराक्लफ," सेलिना म्हणाली. "म्हणजे घळ एकच?"

"बहुधा एकच."

"तरीच. आख्खं गाव तिच्यात अडकून पडलंय आणि वर यायला कुणी तयार नाही."

ईनॉक खो खो हसला. सेलिना हसली नाही. ती म्हणाली, "साहेब, आहे तसंच वाचा. मी स्वतः पहिल्या बाकावर येऊन बसते. कुठली सेलिना ते तर दिसेल ना लोकांना? सेलिना कळली की विल्फ कळेलच."

"अगं, पण आपली पुकार आपण ऐकू नये," ईनॉक म्हणाला. "मुलं मुकी होतात."

"त्रेचाळिसाव्या वर्षी मुकी काय नि बोलकी काय. एखादं झालं तर मुकंच बरं, हाक तरी मारणार नाही."

विल्फला तिने हे त्याच संध्याकाळी सांगितलं. तो तिच्याकडे चहाला आला होता. कपात साखर नव्हती, कारण रेशनची साखर लग्नाच्या केकसाठी राखली होती. विल्फने सगळं ऐकून घेतलं. मग नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं, "पण सॅलचा म्हटलं तर काय बिघडतं? सगळे म्हणतातच की."

एवढं पुरे झालं.

"काय बिघडतं?" सेलिनाने चहाची किटली दाणकन ठेवली. "अकरा वर्षं बिघडली माझी! मी तिशीत होते, विल्फ. तिने मला एकदा, एकदा तरी सेलिना म्हटलं का? मी तिची घाण काढली, तेव्हाही मी बेनचीच पोरगी. मेली तरी तिला पुढची खुर्ची हवी. माझ्या लग्नातसुद्धा आधी तिचं नाव पुकारायचं आणि मग माझं? आणि तू! तुला कधी वाटलं नाही स्वतःचं म्हणून काही असावं? सेहेचाळीस वर्षांचा घोडा झालास, अजून आईच्या पदराला गाठ मारल्यासारखं नाव घेऊन हिंडतोस. लाज नाही वाटत?"

विल्फ उठला. कप उचलून नीट मोरीपाशी ठेवला, टोपी घातली आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं, असं सेलिनाला वाटलं. त्याच्याशी भांडण म्हणजे उशीला बुक्क्या मारण्यातला प्रकार होता. तो आठवडाभर आला नाही. गिरणीच्या आवारात दिसायचा, मान हलवायचा, पुढे जायचा. शनिवारी रात्री तिला पहिल्यांदा भीती वाटली, की उद्या नावं पुकारली जातील आणि नवराच नसेल.

रविवारी ती निळा कोट घालून पहिल्या बाकावर जाऊन बसली. चर्च गच्च भरलं होतं. मागच्या रविवारचा तमाशा ज्यांचा चुकला होता ते सगळे झाडून आले होते. आपली पुकार ऐकायला बाई स्वतः आली म्हणून मागे कुजबुज सुरू झाली. विल्फ आला नव्हता. तो रीत पाळणारा माणूस होता, की दुसरं काही कारण होतं, हे तिला सांगता आलं नसतं.

पाद्रीसाहेब उभे राहिले, खाकरले. "विल्फ्रेड बॅराक्लाऊ, अविवाहित, आणि सेलिना बॅराक्लाऊ, कुमारिका, दोघंही याच गावचे. यांच्या लग्नाला कुणाची काही योग्य हरकत असेल तर..."

सेलिना ताठ बसली. लोकांनी तिच्याकडे पाहिलं. क्लेमच्या सेलिनाकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या अगदी मागच्या बाकावरून एका बाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "अगं बाई! म्हणजे जॉसच्या विल्फचं बेनच्या सेलिनाशी होतं होय?"

चर्चभर खसखस पिकली. एडा उभी राहिली. या वेळी ती ओरडली नाही, उलट फार अदबीने बोलली, आणि तेच जास्त वाईट होतं.

"पाद्रीसाहेब, मला हरकत घ्यायची नाही. मागच्या रविवारी चूक झाली, कबूल आहे. पण माझे हे इथे माझ्या शेजारी बसलेत, पाठ अजून दुखतेय त्यांची. लोक त्यांच्याकडे बघून हसतायत. तेवढं विल्फ कोणता ते सांगून टाका, म्हणजे आम्ही सुटलो."

पाद्रीसाहेबांनी सेलिनाकडे पाहिलं. त्यांनी शब्द दिला होता, आणि तो पाळताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मागून ईनॉकचा घोगरा आवाज आला, "सांगून टाका की साहेब! सॅल—"

"माझा!"

सेलिना उभी होती. कधी उठली हे तिलाही कळलं नाही. छप्पर घुमलं एवढा आवाज निघाला होता.

"माझा विल्फ! कळलं? जॉसचा नाही, आणखी कुणाचा नाही. सेलिनाचा विल्फ! ज्याला विचारायचं त्याने मला विचारा!"

मग मागून कुणीतरी म्हातारा अगदी समाधानाने म्हणाला, "मग आधीच सांगायचं की, पोरी," आणि सगळं चर्च हसलं. पाद्रीसाहेबही हसले आणि घाईघाईने पुढचं भजन सांगून मोकळे झाले. सेलिना खाली बसली. खरं सांगायचं तर आतून तिला फार गोड वाटत होतं. सॅलचं नाव अर्ध्यावर तुटलं होतं.

प्रार्थना संपून ती बाहेर आली तेव्हा विल्फ आवाराच्या दगडी भिंतीपाशी टोपी हातात घेऊन उभा होता. बाहेर पडणारा प्रत्येक जण त्याच्या पाठीवर थाप मारत होता. "काय रे सेलिनाच्या विल्फ!" "सेलिनाचा विल्फ, अभिनंदन बाबा!" जे नाव सेहेचाळीस वर्षं टिकलं होतं ते पाच मिनिटांत गावाने बदलून टाकलं. विल्फ प्रत्येकाला मान हलवत होता. त्याचे डोळे ओले होते.

सेलिना त्याच्यापाशी जाऊन थांबली. जिंकण्याच्या नादात आपण याच्याकडून काय काढून घेतलं, हे तिला त्याचे डोळे बघून समजलं.

"वाईट वाटलं?" तिने विचारलं. "मी तुझ्या आईचं नाव घेऊ दिलं नाही म्हणून?"

"तुझा आवाज इथपर्यंत आला," विल्फ म्हणाला. "आत जायचं नव्हतं म्हणून इथे थांबलो होतो. सेलिना, तुला एक माहीत आहे? मी सॅलचा का ते?"

"का म्हणजे? बाप नव्हता म्हणून."

"बाप नसलेल्या पोराला गावात काय म्हणतात? आजोबाच्या नावावर ढकलतात ना? आजीनेच उशिरा जन्म दिला म्हणून खपवतात. अशी किती आहेत, तू मोजू शकशील. माझा आजा सेथ. मी सेथचा विल्फ व्हायला हवा होतो."

सेलिनाने हा विचार कधीच केला नव्हता. अकरा वर्षांत एकदाही नाही.

"माझ्या बाप्तिस्म्याला आजा-आजी मला घेऊन पुढे उभे राहिले," विल्फ सांगत होता. "आईला शेवटच्या बाकावर बसवलं होतं, मोठी बहीण म्हणून. पाद्रीने विचारलं, हे मूल कुणाचं? आज्याने तोंड उघडलं तेवढ्यात ती मागून उठली. ईनॉकने पाहिलंय, तो तेव्हा घंटा वाजवायचा. ती म्हणाली, 'माझं! सॅलचं आहे ते. ज्याला विचारायचं त्याने मला विचारा.' आजा वर्षभर तिच्याशी बोलला नाही. सतरा वर्षांची होती." त्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "मला वाईट नाही वाटलं गं. मला वाटलं, तीच ओरडली."

सेलिना भिंतीवर बसली. तिला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्हीपेक्षा जास्त तिला संताप आला. अकरा वर्षं ज्या बाईपासून सुटायला ती धडपडत होती, नेमकी तीच बाई सगळ्या गावादेखत तिच्या तोंडून बोलून गेली होती. शब्दसुद्धा तेच. आणि म्हातारीने हे एकदाही सांगितलं नाही. रविवारमागून रविवार समोर बसून चहा ढोसला, पण सांगितलं नाही. सतरा वर्षांची पोर एकटी त्या शेवटच्या बाकावरून उठते, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"मला सांगायला काय झालं होतं तिला?" ती म्हणाली. "मेलीने सांगितलं असतं तर मी... निदान सूप तरी नीट केलं असतं!"

विल्फ तिच्या शेजारी बसला. त्याने तिचा हात हातात घेतला आणि ती सोडवून घ्यायचं विसरली.

एवढ्यात पाद्रीसाहेब झगा सावरत धावत आले. एडाच्या हरकतीमुळे पहिली पुकार वाया गेली होती, म्हणजे अजून दोन रविवार बाकी होते, आणि त्यांना पुन्हा असला प्रसंग नको होता.

"मिस बॅराक्लाऊ, पुढच्या वेळी नक्की काय वाचू ते आताच सांगा. सेलिनाचा विल्फ असं वाचू का? लोकांना ते चांगलं समजलेलं दिसतंय."

"आधी बॅराक्लफ म्हणा," सेलिना म्हणाली.

"बॅरा...क्लफ."

"हां." तिने नाक पुसलं. चर्चच्या मागच्या बाजूला, जिथे सॅलला पुरलं होतं तिकडे तिने एकदा पाहिलं. "सॅलचा विल्फ असं वाचा. आणि मोठ्याने वाचा. त्या बाजूची खिडकी उघडी ठेवून."